लेथचा वेग: लाटण्याला वेगळा, काठवटीला वेगळा

लाकूडकामाच्या लेथपुढे नवशिका उभा राहिला की पहिला प्रश्न ठरलेला: वेग किती ठेवू? याला एका आकड्यात उत्तर नाही. लाटणं, भोवरा, रवी, पोळपाट, काठवट या सगळ्या वस्तू एकाच लेथवर उतरतात आणि प्रत्येकीचा वेग निराळा असतो. मात्र तो काढायची रीत पाच मिनिटांत शिकता येते. ती शिकता शिकता इजिप्तमधल्या थडग्यापासून अंगणातल्या चाफ्यापर्यंत बऱ्याच गमतीही हाती लागतात.

छताच्या पंख्याचं टोक किती पळतं?

घरातला १२०० मिलिमीटरचा छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण ३५० फेरे घेतो. आकडा छोटा वाटतो, पण त्याच्या पात्याचं टोक ताशी जवळजवळ ८० किलोमीटरने धावत असतं. आता लेथवर २ सेंटिमीटर जाडीचं लाकडी पेन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवा. त्याचा पृष्ठभाग ताशी फक्त ११ किलोमीटरने पळतो. फेरे आठपटींहून जास्त आणि वेग सातपट कमी!

आणि त्याच ३००० फेऱ्यांवर ३० सेंटिमीटर व्यासाचा ठोकळा लावला तर? कडेचा वेग ताशी १७० किलोमीटर. पेन करून झालं, वेग बदलायचा राहिला आणि त्याच लेथवर वाडग्याचा ठोकळा चढवला, तर हे असं होतं. लेथवरचा फेऱ्यांचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारी लाकडाचा व्यास मांडला की मग तो बोलायला लागतो.

एका ओळीचं गणित

लाकूड कातणाऱ्यांमध्ये एक आडाखा जगभर चालतो: व्यास इंचांत घ्या, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, उत्तर ६००० ते ९००० यांच्या मध्ये आलं पाहिजे. नवशिक्यांनी ९००० विसरून जावं आणि सरळ ६०००ला व्यासाने भागावं. इंच नको असतील तर १५,००० भागिले सेंटिमीटर.

पोळपाट २५ सेंटिमीटरचा, म्हणजे ६०० फेरे. चार इंची वाटी, म्हणजे १५००. सहा इंची वाडगा, १०००. पंधरा इंची काठवट करायची हिंमत पुढे कधी झालीच, तर ४००.

हा आडाखा नेमकं काय करतो, हे उलगडून पाहिलं की तो जास्त आवडायला लागतो. गुणाकार ६००० असतो तेव्हा लाकडाच्या कडेचा वेग ताशी सुमारे २९ किलोमीटर येतो आणि ९०००ला ४३. व्यास कुठलाही घ्या, हे दोन आकडे बदलत नाहीत. थोडक्यात, वस्तू लहान असो की मोठी, पटाशीसमोरून लाकूड जवळपास सारख्याच वेगाने जात राहतं.

एक अट मात्र या गणिताच्या पोटात दडलेली आहे आणि ती सांगायची बऱ्याचदा राहून जाते. हे आकडे गोल झालेल्या, समतोल, निरोगी आणि घट्ट पकडलेल्या लाकडाचे आहेत. करवतीने चौकोनी कापलेला, एका बाजूला गाठ आणि दुसऱ्या बाजूला साल असलेला ठोकळा यात बसत नाही. त्याला आडाख्याच्या निम्मा वेगही जास्त ठरू शकतो. मोठा आणि ओबडधोबड ठोकळा लेथच्या सर्वांत कमी वेगावरच सुरू करायचा. तो गोल होईपर्यंत वेगाच्या बटणाला हात लावायचा नाही.

५० ग्रॅमचा हिसका

माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. समजा ठोकळ्याच्या एका कडेला, मध्यापासून १५ सेंटिमीटरवर, ५० ग्रॅम लाकूड जास्त आहे. एखादी ओली गाठ एवढी सहज भरते. ५०० फेऱ्यांवर हे ५० ग्रॅम लेथला सुमारे २ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतात. १००० फेऱ्यांवर हा ओढा साडेआठ किलोच्या जवळ जातो आणि २००० फेऱ्यांवर तेहतीस किलोंच्या पुढे. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. शिवाय ओढ्याची दिशा प्रत्येक फेऱ्यात गोल फिरते, म्हणजे २००० फेऱ्यांवर सेकंदाला तेहतीस वेळा वर, मागे, खाली, पुढे असा हिसका बसत राहतो. चांगलं जड लेथसुद्धा अशा वेळी फरशीवर सरकायला लागतं.

थरथर सुरू झाली की वेग कमी करायचा, ती थांबेपर्यंत. काहीजण उलटा सल्ला देतात: थोडा वेग वाढव, थरथर निघून जाईल. कधीकधी ती खरोखर कमी झाल्यासारखी वाटते, कारण लेथ आणि त्याचं टेबल ज्या वेगाला सर्वांत जास्त हलतात तो वेग मागे पडलेला असतो. पण लाकडावरचा ताण वाढलेलाच असतो, आणि लाकूड सुटलंच तर ते आधीपेक्षा जास्त वेगाने सुटतं. नवशिक्याने हा सल्ला अजिबात मानू नये. लेथच्या स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवणं हा खरा उपाय. तो स्वस्तही आहे.

वजनाचा अंदाजही असू द्या. ३० सेंटिमीटर व्यासाचा, १० सेंटिमीटर जाडीचा आंब्याचा वाळलेला ठोकळा साडेचार किलोंच्या आसपास भरतो. तो १००० फेऱ्यांवर फिरताना त्यात जेवढी ऊर्जा साठते, तेवढी तोच ठोकळा ६ मीटर उंचीवरून पडताना असते. २००० फेऱ्यांवर ही उंची २५ मीटर होते. नुकत्या तोडलेल्या ओल्या लाकडाचं वजन याहून बरंच जास्त.

लाटण्यापाशी आडाखा मोडतो

लाटणं दीड इंच जाडीचं. ६००० भागिले दीड, म्हणजे ४००० फेरे? नाही. बारीक आणि लांब वस्तूला हे गणित लागू पडत नाही, कारण तिथे लांबी मध्ये येते. दोन टोकांना पकडलेली बारीक काठी एका विशिष्ट वेगाला पोहोचली की मधोमध धनुष्यासारखी वाकते आणि दोरीवरच्या उड्यांच्या दोरीगत फिरायला लागते. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर हा धोक्याचा वेग एक चतुर्थांशावर येतो. तेव्हा लाटण्याला १५०० ते २००० फेरे पुरे. रवीचा दांडा त्याहून बारीक आणि लांब असतो, तिथे हजार-बाराशेपासून सुरुवात करा. टेलस्टॉकचं, म्हणजे लाकडाला दुसऱ्या बाजूने आधार देणाऱ्या भागाचं, टोक लाकडात रुतेल एवढंच दाबा. जास्त आवळलं तर बारीक दांडा आधीच वाकतो आणि मग कमी वेगातही फडफडतो.

भोवऱ्याला ही अडचण नाही. तो आखूड आणि जाडसर असतो, दोन इंची असेल तर गोल झाल्यावर २००० फेऱ्यांनाही सुरेख फिरतो. शिकायला माझ्या मते भोवऱ्याइतकी चांगली वस्तू नाही: लाकूड थोडं लागतं, आकार लगेच येतो आणि घरातली मुलं पुढचा कधी मिळणार म्हणून मागे लागतात.

आपली मोटर १४४०ची

गावोगावच्या कार्यशाळांत घरी जोडलेली लेथं दिसतात: लोखंडी चॅनल, दोन बेअरिंगं, एक जुनी मोटर आणि पट्टा. भारतात वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळे सर्रास मिळणारी चार पोलची इंडक्शन मोटर मिनिटाला १४४०च्या आसपास फिरते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, तिथे तशीच मोटर सव्वासतराशेच्या घरात फिरते. तेव्हा अमेरिकी पुस्तकातला पुलीचा तक्ता जसाच्या तसा उतरवू नका, आपला वेग वेगळा येईल.

हिशेब सोपा आहे. मोटरवर २ इंची पुली आणि लेथच्या दांड्यावर ४ इंची, तर वेग निम्मा: ७२०. दांड्यावर ६ इंची बसवली तर ४८०. लहान पुलीकडून मोठीकडे गेलं की वेग उतरतो आणि जोर वाढतो, जाडजूड ठोकळ्याला हेच हवं असतं. पहिली जोडी उलट बसवली, म्हणजे मोटरवर ४ इंची आणि दांड्यावर २ इंची, तर २८८०. म्हणून दुसऱ्याने वापरलेल्या लेथचा पट्टा कुठल्या पायरीवर आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

एक जुगाड मात्र टाळा. पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर जोडून इंडक्शन मोटरचा वेग उतरवायला जाऊ नका. जोर निघून जातो, मोटर तापते आणि वाइंडिंग जळतं. वेग हवा तसा बदलायचा असेल तर थ्री-फेज मोटर आणि व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलून वेग बदलणारं उपकरण, घ्या, नाहीतर पायऱ्यांच्या पुल्या. पायऱ्यांच्या पुल्या निमूट वर्षानुवर्षं काम करतात.

आणि आपल्याकडे वीज जाते. लेथ चालू असताना गेली, आपण चहाला गेलो आणि ती परत आली तर? साध्या बटणावरचं लेथ आपोआप सुरू होतं, तेही आधी ठेवलेल्या पूर्ण वेगाने. वीज गेल्यावर स्वतःहून बंद होणारा नो-व्होल्ट स्विच बसवून घ्या. घरच्या लेथवर पैसे खर्च करायचे तर सर्वांत आधी यावर करा.

दोरी ओढणाऱ्याचा वेग

लेथचं सर्वांत जुनं ज्ञात चित्र इजिप्तमध्ये आहे. थोथ देवाचा पुजारी पेटोसिरिस याच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी ३००च्या सुमाराला कोरलेलं. एक माणूस दोरी ओढतोय, दुसरा हत्यार धरून कातकाम करतोय. दोरी पुढे-मागे ओढली जाते, त्यामुळे लाकूड एकदा सुलट आणि एकदा उलट फिरतं. हत्यार फक्त अर्धा वेळ चालतं.

आपल्या देशातल्या जुन्या कारागिरांचं लेथही याच जातीचं. कातारी जमिनीवर बसतो, पायाच्या बोटांनी हत्याराला आधार देतो आणि जोडीदार दोरी ओढतो किंवा हाती धनुकली असते. मोरोक्कोतल्या मराकेशच्या बाजारात धनुकली आणि पाय यांच्या जोरावर लाकूड कातणारे आजही दिसतात. इंग्लंडमध्ये चिल्टर्न टेकड्यांवरच्या बीचच्या जंगलात 'बॉजर' नावाचे कारागीर लवचीक खांबाला दोरी बांधून, पायाने पावटी दाबत खुर्च्यांचे पाय कातायचे. विसाव्या शतकातही हे काम चालू होतं.

या सगळ्या लेथांना एक नैसर्गिक मर्यादा होती. लाकूड अडलं की माणसाचा हात किंवा पायही अडायचा, तिथेच काम थांबायचं. मोटर तशी थांबत नाही. पटाशी लाकडात अडकली तरी ती ओढतच राहते, मग लाकूड फुटतं, चकमधून, म्हणजे लाकूड पकडणाऱ्या जबड्यांतून, निसटतं किंवा हत्यार हातातून हिसकलं जातं. वेगाचा विचार आज आपल्याला करावा लागतो तो यामुळे.

चाफा आणि लेथ

लाकूड कातण्यावरचा पहिला मोठा छापील ग्रंथ १७०१ साली फ्रान्समध्ये आला. लेखक शार्ल प्लुमिये, एक धर्मोपदेशक. हाच माणूस चौदाव्या लुईचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि कॅरिबियन बेटांवर झाडं शोधत हिंडला होता. आपल्या देवळांच्या अंगणात फुलणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या चाफ्याला शास्त्रात प्लुमेरिया म्हणतात, ते त्याच्याच नावावरून. रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट यालाही लेथचं वेड होतं. आंद्रेई नार्तोव्ह हा कुशल यंत्रकार त्याच्या खास कार्यशाळेत कामाला होता.

उष्णता: चन्नपटणात मित्र, सँडपेपरखाली शत्रू

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी, कर्नाटकातल्या चन्नपटणची लाखेची खेळणी, आंध्रातल्या एटिकोप्पाकाची खेळणी ही आपल्याकडची नावाजलेली लाकडी कामं. चन्नपटण आणि एटिकोप्पाकाची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची. सावंतवाडीत पांगाऱ्याचं हलकं लाकूड परंपरेने वापरलं गेलं.

चन्नपटणला लाखकाम बघण्यासारखं असतं. कारागीर ब्रश वापरतच नाही. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतो, घासण्याने उष्णता तयार होते, लाख वितळते आणि लाकडावर चढते. लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे वेग फार कमी असेल तर कांडी नुसती ओरखडे काढते. मग केवड्याच्या पातीने दाबून तो थर सारखा पसरवायचा, झळाळी येते ती त्यानेच.

सँडपेपर लावताना हीच उष्णता घात करते. कातताना होता त्याच्या निम्म्या वेगावर या. कागद बोटांना चटका द्यायला लागला तर लाकडालाही तो बसतोय, आणि शिसवासारख्या दाट लाकडात अशा वेळी केसासारख्या चिरा पडतात. टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायचा आधार, काढून बाजूला ठेवा, बोटं मध्ये सापडायला नकोत. तेल किंवा मेण लावताना कापडाचा बोळा वापरू नका, कापड गुंडाळलं गेलं की बोटासकट ओढलं जातं. टिश्यू पेपर घ्या, तो फाटून सुटतो.

फार हळूही नको

कमी वेग म्हणजे नेहमीच उत्तम, असंही नाही. पोळपाटासारख्या आडव्या लाकडात एका फेऱ्यात हत्याराला दोनदा सरळ रेषा भेटते आणि दोनदा रेषेचं कापलेलं टोक. ८०० फेऱ्यांवर ही उभी टोकं मिनिटाला १६०० वेळा पटाशीखाली येतात. वेग फार कमी असेल तर पटाशी प्रत्येक टोकावर उडते आणि लाकडावर खाचा उमटतात. म्हणून ठोकळा गोल झाला, समतोल झाला, की हळूहळू आडाख्याच्या आकड्यापर्यंत या. काप गुळगुळीत यायला लागला की तिथेच थांबा. त्यापुढचा वेग काही देत नाही.

पटाशी मात्र धारदार हवी. बोथट पटाशीने काम होत नाही म्हणून वेग वाढवायचा मोह होतो, आणि नवशिक्यांच्या बाबतीत हेच मला सर्वांत धोक्याचं वाटतं. धार लावा, वेग तसाच राहू द्या.

चकचं स्वतःचं म्हणणं

लाकडाचा हिशेब बरोबर असला तरी पकडीची मर्यादा वेगळी असते. वाडग्याचा तळ साफ करण्यासाठी रबरी खुंट्यांचे मोठे पसरट जबडे येतात, त्यांना कोल जॉज म्हणतात. त्यांची कमाल मर्यादा बहुतेकदा ६०० फेऱ्यांच्या आसपास असते आणि ती माहितीपत्रकात छापलेली असते. ती वाचा. चकमध्ये पकडलेल्या ठोकळ्याला शक्य असेल तोवर टेलस्टॉकचा आधारही ठेवा.

आणखी एक. ओला ठोकळा अर्धवट कातून ठेवला आणि महिन्याभराने परत चढवला, तर तो गोल राहिलेला नसतो, वाळताना अंडाकृती होतो. तो नवा ठोकळा समजा आणि पुन्हा तळाच्या वेगापासून सुरुवात करा.

उभं कुठे राहायचं

लाकूड सुटलं तर ते फिरण्याच्या पातळीतच उडतं. बटण दाबताना त्या पट्ट्यात उभं राहू नका, एका बाजूला सरका. अमेरिकेतली १९८६ साली स्थापन झालेली लाकूड कातणाऱ्यांची संघटना, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स, वाडगे आणि चकवरच्या कामासाठी पूर्ण चेहरा झाकणारी ढाल लावायला सांगते. नुसत्या चष्म्याने जबडा वाचत नाही. हातमोजे नकोत. ओढणी, पदर, मंगळसूत्र, गळ्यातली साखळी, अंगठी, सुटे केस यांतलं काहीही लेथजवळ लोंबता कामा नये.

सुरू करण्याआधीचा क्रम पाठच करा. वेग तळाला आणा. चकची किल्ली काढली का, ते पाहा. ठोकळा हाताने पूर्ण एक फेरा फिरवा, टूल रेस्टला कुठे लागतो का बघा. बाजूला उभे राहा. मग बटण. काम चालू असताना टक-टक आवाज आला किंवा सूर बदलला तर लगेच बंद करून चीर शोधा.

दुकानात विचारायचा प्रश्न

स्वस्त छोट्या लेथांच्या जाहिरातीत कमाल वेग मोठ्या अक्षरांत असतो: ३२००, ३६००. नवशिक्याला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. तुम्ही उलटा प्रश्न विचारा: सर्वांत कमी वेग किती? कित्येक छोट्या लेथांचा तळच ७५० फेऱ्यांचा असतो. त्यावर दहा इंची ओबडधोबड ठोकळा चढवणं धोक्याचं आहे, आधी तो करवतीने गोल कापून घ्यावा लागेल किंवा सहा इंचांच्या आतच काम करावं लागेल. वाडगे आणि पोळपाट करायचे असतील तर २५० किंवा त्याहून कमी फेऱ्यांपर्यंत उतरणारं लेथ घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. आणि तोवर परिसरातल्या एखाद्या कातारी कारागिराच्या दुकानात जाऊन बसा, तो ठोकळा चढवल्यावर पहिला वेग कुठला धरतो ते नीट बघा.